'पेद्रेलियाना' दोन-दोन कशा? गेरहार्डची 'पेद्रेलला मानवंदना' सिम्फनी कुणी ऐकलीय का?

सांजसूर :

नमस्कार मंडळी, तीन आठवडे एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून शेवटी धागा काढतेय. मी मूळची आपलं शास्त्रीय ऐकणारी, वेस्टर्न क्लासिकल लॉकडाऊनमधे सुरू केलं आणि सध्या स्पॅनिश संगीताने पुरतं धरून ठेवलंय. मान्युएल दे फाया (स्पेलिंग बघून मी आधी फाल्ला म्हणायचे, मग कळलं की फाया) ऐकता ऐकता त्याची 'ओमेनाखेस' नावाची ऑर्केस्ट्राची रचना सापडली. ओमेनाखे म्हणजे मानवंदना. चार भाग आहेत, एक अर्बोस या कंडक्टरसाठी, एक देब्युसी आणि एक द्युका या फ्रेंच संगीतकारांसाठी आणि शेवटचा सगळ्यात मोठा भाग 'पेद्रेलियाना', म्हणजे फेलिप पेद्रेल या त्याच्या गुरूसाठी. तो भाग मला इतका आवडला की रोज सकाळी डबे भरताना लावते.

तर झालं असं की तीन आठवड्यांपूर्वी एक दिवस तो संपल्यावर अ‍ॅपने आपोआप पुढचं काहीतरी लावलं, नाव परत 'पेद्रेलियाना', मला वाटलं तोच ट्रॅक परत लागला, पण संगीत भलतंच! जास्त उसळतं, जास्त रंगीत, आणि मधेच एखादी सुरावट मात्र ओळखीची वाटावी अशी. बघितलं तर संगीतकार रॉबर्टो गेरहार्ड, आणि खाली लिहिलेलं की हा 'सिम्फनी ओमेनाखे आ पेद्रेल' चा शेवटचा भाग आहे. गेरहार्डच्या सिम्फनीज शोधल्या तर एक ते चार नंबरच्या मिळतात, ही त्यात नाहीच.

मग माझे प्रश्न असे की हा पेद्रेल नक्की कोण होता ज्याच्यासाठी दोन वेगवेगळ्या लोकांना त्याच नावाची रचना करावीशी वाटली, ती ओळखीची सुरावट हा माझा भास आहे की खरंच काही नातं आहे, आणि या सिम्फनीला नंबर का नाही? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

जुन्या_तबकड्या :

सांजसूर ताई, भास नाही. कान चांगले आहेत तुमचे. दोन्ही रचनांचं मूळ एकच आहे, पेद्रेलचा 'ला सेलेस्तिना' हा ऑपेरा. फायाने त्याच्या भागासाठी त्यातलं साहित्य घेतलं आणि गेरहार्डने तर आख्खी सिम्फनीच त्या ऑपेऱ्यातल्या थीम्सवर उभी केली. आणि हा ऑपेरा पेद्रेलच्या हयातीत एकदाही रंगमंचावर आला नाही, हे लक्षात ठेवा, माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा जीव तिथे आहे.

आता पेद्रेल. जन्म १८४१, तोर्तोसा, म्हणजे स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनियाचं दक्षिण टोक, एब्रो नदीकाठचं गाव. लहानपणी तिथल्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात गायला, तिथेच जुनं चर्च संगीत कानावर पडलं. त्या काळात स्पेनमधे ऑपेरा म्हणजे इटालियन ऑपेरा, बाकी लोकांची करमणूक झार्सुएलावर (आपल्या संगीत नाटकासारखं, गाणी आणि संवाद मिळून). पेद्रेलचं म्हणणं होतं की आपल्याकडे सोळाव्या शतकातले व्हिक्टोरिया, काबेसोन, मोरालेस यांच्यासारखे लोक होऊन गेलेत आणि गावोगावी गाणी पडली आहेत, त्यावर आपलं संगीत उभं करा की. १८९१ मधे त्याने 'पोर नुएस्त्रा मुसिका' म्हणजे 'आपल्या संगीतासाठी' ही पुस्तिका काढली. आणि नुसतं सांगून थांबला नाही हो, तोमास लुईस दे व्हिक्टोरियाचं समग्र संगीत आठ खंडात संपादित करून जर्मनीत ब्राइटकॉप्फकडून छापून घेतलं, आणि आयुष्याच्या शेवटी लोकगीतं आणि जुनी गाणी मिळून चार खंडांचा 'कान्सियोनेरो' काढला, १९१८ ते १९२२. १९२२ च्या ऑगस्टमधे बार्सिलोनात गेला.

शिष्य बघा त्याचे. अल्बेनिझ, ग्रानादोस, फाया. तुम्ही स्पॅनिश संगीत म्हणून जे जे ऐकता त्यातलं निम्मं या तिघांचं. आणि गेरहार्ड हा त्याचा शेवटचा शिष्य. जन्म १८९६, म्हणजे गुरुशिष्यात पंचावन्न वर्षांचं अंतर, आजोबाच म्हणायचे.

गेरहार्डची सिम्फनी १९४०-४१ ची. १९४१ ला पेद्रेलच्या जन्माची शंभर वर्षं होत होती. पण तेव्हा गेरहार्ड कुठे होता? केंब्रिजमधे. २६ जानेवारी १९३९ ला, यादवी युद्धात, बार्सिलोना हुकूमशहा फ्रँकोच्या हातात पडलं, गेरहार्डने त्याआधी कॅटलान सरकारच्या कला खात्यात सल्लागार म्हणून काम केलेलं, त्यामुळे परत जाणं शक्यच नव्हतं. आधी पॅरिस, मग प्रोफेसर एडवर्ड डेंट यांच्या खटपटीने किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळाली, आणि पुढे तो तिकडचाच झाला, १९७० मधे केंब्रिजलाच गेला. तर दुसरं महायुद्ध चालू, देश तुटलेला, आणि हा माणूस इंग्लंडमधे बसून गुरूच्या कधी न रंगलेल्या ऑपेऱ्यातल्या सुरावटी घेऊन सिम्फनी लिहितो. तीन भाग आहेत, शेवटचा 'पेद्रेलियाना', तो त्याने १९५४ मधे पुन्हा हात फिरवून स्वतंत्र केला. म्हणून तुम्हाला तो सुटा मिळाला.

नंबरचं म्हणाल तर त्याने नंबर एक दिली ती १९५२-५३ च्या सिम्फनीला, तोवर त्याची भाषाच बदलली होती. नंबरवाल्या चार सिम्फनीज एका घरातल्या आहेत, ही त्या घरातली नाही असं मी समजतो.

षड्ज_ते_सहा_तारा :

छान धागा. मी गिटार वाजवतो, त्यामुळे माझा रस्ता वेगळा. मानवंदना म्हटलं की स्पेनमधे इतकं आहे की एक वेगळा धागा होईल. रोद्रिगोची 'फांतासिया पारा उन खेंतिलओम्ब्रे' गिटारवाल्या सगळ्यांना माहीत, १९५४ मधे गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियासाठी लिहिली आणि १९५८ मधे सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा वाजली, ती सगळी गास्पार सान्सच्या सतराव्या शतकातल्या गिटारच्या तुकड्यांवर आहे. सान्सचं पुस्तक १६७४ चं. शेवटचा 'कानारियो' वाजवताना ३/४ आणि ६/८ या तालांची जी अदलाबदल होते ना, ती मूळ सान्समधेच आहे, रोद्रिगोने फक्त ऑर्केस्ट्रा त्याच्याभोवती असा ठेवलाय की गिटार कुठे दबत नाही.

आणि क्रिस्तोबाल हाल्फ्तरचं 'तिएंतो देल प्रिमेर तोनो इ बातायॅ इम्पेरियाल' (१९८६) ऐकाच ऐका. काबेसोन हा सोळाव्या शतकातला अंध ऑर्गनवादक, स्पेनचा राजा फिलिप दुसरा याच्या पदरी होता, आणि काबानीयेस हा सतराव्या शतकातला व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक, या दोघांच्या ऑर्गनच्या रचना घेऊन हाल्फ्तरने आजचा मोठा ऑर्केस्ट्रा लावलाय. सुरुवात इतकी शांत की आवाज वाढवावा लागतो आणि मग ती लढाई (नावातलं 'बातायॅ' म्हणजे लढाई) सुरू झाली की धावत जाऊन कमी करावा लागतो. घरात बाळ झोपलेलं असेल तर हेडफोनवरच ऐका.

पण मला एक खरंच विचारायचंय, गेरहार्डच्या या सिम्फनीला 'स्पॅनिश' म्हणायचं का? लिहिली इंग्लंडमधे, नाव जर्मन वाटतं, माणूस कॅटलान.

रावालची_सायली :

मी सात वर्षं बार्सिलोनात आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नावाचं आधी. वडील स्विस जर्मन, आई अल्सासची, जन्म वाल्स गावात, बार्सिलोनापासून फार लांब नाही, तारागोना प्रांतात. कॅटलानमधे तो रॉबर्ट, इंग्लंडला गेल्यावर रॉबर्टो हे रूप वापरायला लागला. इकडे कार्यक्रमपत्रिकेत रॉबर्टच लिहितात.

वाल्स म्हणजे कास्तेल्सचं गाव. आपल्या गोविंदा पथकांसारखे माणसांचे मनोरे, पण हंडी नाही फोडायची, वर चढलेल्या लहान मुलाने हात वर केला की मनोरा पूर्ण. आठ-नऊ थर लागतात आणि ते लागत असताना खाली ग्राल्या नावाचं वाद्य आणि ताशासारखा तिंबाल वाजत असतो. ग्राल्या म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं, फक्त जास्त तीक्ष्ण, मैदानात लांबवर ऐकू जावं असं. मी पहिल्यांदा वाल्सला गेले तेव्हा मनोऱ्याकडे न बघता त्या वाद्याकडेच बघत होते, कारण तो सूर मला लालबागच्या नाक्यावर उभी असल्यासारखा वाटला. गेरहार्डचं लहानपण या आवाजात गेलंय, हे डोक्यात ठेवून त्याचे ऑर्केस्ट्रातले ओबो आणि ट्रम्पेट ऐका.

आणि अजून एक, तबकड्या काकांनी ज्या कान्सियोनेरोचा उल्लेख केला ना, पेद्रेलच्या लोकगीतांचे चार खंड, ते छापले गेले वाल्समधेच. म्हणजे गुरूचं शेवटचं मोठं काम शिष्याच्या गावच्या छापखान्यात. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

गेरहार्ड इथे असताना बिब्लियोतेका दे कातालुन्याच्या संगीत विभागात काम करायचा. ती लायब्ररी रावाल भागात जुन्या सांता क्रेउ हॉस्पिटलच्या इमारतीत आहे, दगडी कमानी, अंगणात संत्र्याची झाडं, मी रोज तिथून जाते. अठराव्या शतकातल्या अंतोनियो सोलेरची क्विंटेट्स (पाच वाद्यांच्या रचना) त्याने संपादित केली, ती १९३३ मधे छापून आली. म्हणजे जुनी हस्तलिखितं काढून साफ करून छापायची ही पेद्रेलची सवय शिष्यातही उतरलेली होती.

'स्पॅनिश' का, हा प्रश्न इकडे कुणाला विचारलात तर तासभर तरी मोकळे होणार नाही. माझं मत सांगते. पेद्रेल स्वतः कॅटलान, पण कान्सियोनेरोत वायव्येच्या गालिसियापासून मयोर्का बेटापर्यंत सगळीकडची गाणी आहेत. गेरहार्डने त्याच वर्षी, १९४१ मधे, त्यातली आठ गाणी निवडून 'कान्सियोनेरो दे पेद्रेल' केलं, आवाज आणि तेरा वाद्यांसाठी. पहिलं 'सा शिम्बोम्बा' मयोर्काचं, 'आलाला' गालिसियाचं. मग सिम्फनीलाही त्याच अर्थाने स्पॅनिश म्हणायला माझी हरकत नाही, फ्रँकोच्या अर्थाने मात्र नाही. त्याच्या राजवटीत गेरहार्ड इथे जवळजवळ वाजतच नव्हता.

रागदारी_आणि_बाराटोन :

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

गेरहार्ड मला आवडतो तो नंतरचा. तिसरी सिम्फनी 'कोलाजेस' (१९६०), ज्यात ऑर्केस्ट्राबरोबर टेपवर रेकॉर्ड केलेले आवाज आहेत, आणि चौथी 'न्यूयॉर्क', जी १९६७ ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने वाजवली. हा माणूस पेद्रेल गेल्यावर थेट आधुनिक संगीताचा प्रणेता शोनबर्ग याच्याकडे गेला, १९२३ पासून पाच वर्षं आधी व्हिएन्ना मग बर्लिन, बारा स्वरांची पद्धत (सप्तकातले बाराही स्वर ठरलेल्या क्रमाने, सारख्या मानाने वापरायचे) मुळापासून शिकला. शोनबर्ग १९३१-३२ मधे बार्सिलोनात येऊन राहिला त्यात गेरहार्डचा मोठा हात, त्याच्या 'मोझेस उंड आरोन' या ऑपेऱ्याचा दुसरा अंक तिथेच पूर्ण झाला. एप्रिल १९३६ मधे बार्सिलोनात जो आधुनिक संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, ज्यात आल्बान बेर्गचा व्हायोलिन कंचेर्तो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) पहिल्यांदा वाजला, त्याच्या आयोजनातही हा होता. असा माणूस १९४१ मधे परत सरळसोट सुरांकडे आणि नाचऱ्या तालांकडे का वळतो? मला ती सिम्फनी ऐकताना वाटतं की हा मागे गेलाय. सुंदर आहे, ऑर्केस्ट्रा चमकतो, पण ज्याने एवढं नवीन शिकलं त्याने ते बाजूला ठेवून का लिहावं?

आणि दुसरं, खरं बोलायचं तर पेद्रेलचं स्वतःचं संगीत कितीजण ऐकतात? 'एल्स पिरिनेउस' हा त्याचा मोठा ऑपेरा, १९०२ ला बार्सिलोनाच्या लिसेउ थिएटरात झाला, त्यानंतर कुठे आहे? माणूस मोठा संशोधक होता, संगीतकार म्हणून मला तो तितका मोठा वाटत नाही.

जुन्या_तबकड्या :

राग कसला, मुद्दा बरोबर जागी आहे. पण दोन गोष्टी.

पहिली, 'मागे गेला' हे मला पटत नाही. १९४२ ते ४५ मधे त्याने व्हायोलिन कंचेर्तो लिहिला, अंतोनियो ब्रोसाने १९५० मधे फ्लॉरेन्सला पहिल्यांदा वाजवला. त्याचा मधला संथ भाग शोनबर्गच्या सत्तरीनिमित्त मानवंदना आहे, आणि त्यात शोनबर्गच्याच चौथ्या स्ट्रिंग क्वार्टेटमधली (चार तंतुवाद्यांची रचना) बारा स्वरांची ओळ घेतलीय. आता शेजारी ठेवून बघा. चार-पाच वर्षांच्या आत, परक्या देशात, आधी पहिल्या गुरूला त्याच्या ऑपेऱ्यातल्या सुरावटी घेऊन नमस्कार, मग दुसऱ्या गुरूला त्याच्या क्वार्टेटमधली ओळ घेऊन नमस्कार. पद्धत तीच आहे, गुरूचीच वस्तू घ्यायची आणि आपल्या हाताने घडवायची. मागे गेला की पुढे गेला यापेक्षा दोन्ही घरं त्याने सोबत नेली असं मला दिसतं. घर सुटलेल्या माणसाकडून मला तेच अपेक्षित आहे. शिवाय पोटासाठी बीबीसीचं काम करावं लागत होतं, टोपणनावाने झार्सुएलाच्या गाण्यांच्या हलक्याफुलक्या अ‍ॅरेंजमेंट्ससुद्धा केल्यात त्याने, त्यामुळे नाचरे ताल म्हणजे नुसती तडजोड असं कुणी म्हणेल. पण या सिम्फनीत ते ताल पेद्रेलच्या साहित्यातून आलेत, बाजारातून नाही.

दुसरी, पेद्रेल संगीतकार म्हणून केवढा. तुमचं म्हणणं अर्धं मान्य. फायाने १९२३ मधे पेद्रेलवर लेख लिहिला, त्यात त्याचा सूर असा आहे की पेद्रेल हा शब्दाच्या पूर्ण अर्थाने गुरू होता, बोलून आणि स्वतः करून त्याने वाट दाखवली. मला यात आपले भातखंडे दिसतात. घराण्याघराण्यातून बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग काढले, 'चतुर' नावाने स्वतः लक्षणगीतं बांधली, पण भातखंड्यांचं गाणं ऐकायला जाऊ असं कुणी म्हणत नव्हतं. तरी आज शिकणारा कुठलाही मुलगा त्यांच्या पुस्तकातून जातोच. फरक इतकाच की पेद्रेलला मनातून ऑपेरावाला व्हायचं होतं आणि ते सुख त्याला फारसं मिळालं नाही. १४९९ च्या त्या जुन्या प्रेमकथेवर, कालिस्तो-मेलिबेया आणि ती कुंटीण सेलेस्तिना, त्याने जीव ओतून ऑपेरा लिहिला आणि तो कपाटात राहिला. मग त्यातलं एकेक शिष्यांनी बाहेर काढलं. फायाचं 'ओमेनाखेस' १८ नोव्हेंबर १९३९ ला ब्युनोस आयर्सच्या तेआत्रो कोलोनमधे त्याने स्वतः कंडक्ट केलं, तोही दीडएक महिन्यापूर्वीच स्पेन सोडून गेलेला आणि १९४६ मधे अर्जेंटिनातच वारला. एक शिष्य अटलांटिकच्या त्या बाजूला, एक केंब्रिजला, आणि दोघांच्या हातात एकच न रंगलेला ऑपेरा.

षड्ज_ते_सहा_तारा :

काका हे फार सुंदर सांगितलंत. यात अजून एक कडी जोडतो. फाया गेला तेव्हा त्याचं 'अत्लांतिदा' अपूर्ण होतं, ते त्याचा शिष्य एर्नेस्तो हाल्फ्तरने पूर्ण केलं, १९६१ मधे बार्सिलोनाच्या लिसेउमधे पहिल्यांदा झालं. वर मी ज्या क्रिस्तोबालबद्दल लिहिलं त्याचा हा काका. म्हणजे पेद्रेलपासून फाया, फायापासून एर्नेस्तो, आणि मग पुतण्या परत काबेसोनकडे जातो, ज्याचं संगीत पेद्रेलने शोधून छापलं होतं. गोल पूर्ण झाला की.

सांजसूर :

मंडळी, कालपासून तीन वेळा धागा वाचला. काल रात्री मुलं झोपल्यावर आधी फाया आणि मग गेरहार्ड असं लागोपाठ ऐकलं, हेडफोन लावून, हातात काही काम न घेता. आता ती सुरावट कुठे कुठे येते ते वहीत वेळेसकट लिहून ठेवलंय. फायाकडे ती लांबून ऐकू येते, जणू कुणीतरी वाड्याच्या मागच्या सोप्यात गातंय, आणि गेरहार्डकडे ती रस्त्यावर येते, मिरवणुकीत. सायलीने मनोऱ्यांचं आणि ग्राल्याचं लिहिलं होतं म्हणून असेल, पण मला ओबो वाजला की गर्दी दिसायला लागली.

आणि ऐकता ऐकता मला कुमारजींचं 'मला उमजलेले बालगंधर्व' आठवत होतं. आमच्या बाबांना तो कार्यक्रम अजिबात पटायचा नाही, हे बालगंधर्व नव्हेत म्हणायचे, आणि आईचं म्हणणं की नावातच सांगितलंय ना, मला उमजलेले. मी लहानपणी बाबांच्या बाजूने असायचे. काल पहिल्यांदा वाटलं की आईचं बरोबर होतं. कुमारजी नक्कल करत नव्हते आणि गेरहार्डही करत नाहीये, पेद्रेलने ते संगीत असं कधीच लिहिलं नसतं, आणि तरी पेद्रेल त्यात आहे.

बाराटोन, तुमची ती तिसरी सिम्फनी पण लावली. टेपचा आवाज सुरू झाल्यावर पाच मिनिटं काहीच कळलं नाही, पण बंद करावीशी वाटली नाही. अजून दोनदा ऐकते आणि मग लिहिते.

सायली, एक काम होईल का? त्या लायब्ररीत 'ला सेलेस्तिना'ची छापील प्रत बघायला मिळत असेल तर पहिल्या पानांवरच्या सुरावटी बघून सांगशील? मला स्वर लिहून पाठवलेस तर पेटीवर वाजवून बघीन.

रावालची_सायली :

नक्की. शनिवारी सकाळी जाते, वाचनालयाचं कार्ड आहे माझ्याकडे. स्टाफ नोटेशन तुला जमत नसेल तर सरगममधे करून पाठवते, सा कुठला धरायचा ते फक्त सांग, पांढरी एक की काळी चार?

सांजसूर :

काळी चार. वाट बघते.